एलएम गाइडवरचा बेलोज: आधी मिटलेलं माप, मग कापड

बेलोज म्हणजे मशीनचं टेबल ज्या रेलवर सरकतं त्या एलएम गाइडवर धूळ पडू नये म्हणून लावलेलं घड्यांचं कव्हर. तो फाटला की बहुतेक ठिकाणी जुना काढून नमुना म्हणून पाठवतात आणि "असाच करून द्या" म्हणतात. तसं करू नका. वापरलेलं कापड ताणलेलं असतं, घड्या बसलेल्या असतात, आणि मूळ मापच चुकलेलं असेल तर तीच चूक नव्या बेलोजमध्येही येते. माप मशीनवर घ्यायचं.

टेबल एका टोकाला न्या आणि बेलोजच्या स्थिर फ्लँजच्या (टोकाच्या चौकटीच्या) जागेपासून सरकत्या फ्लँजच्या जागेपर्यंत मोजा. मग दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा मोजा. जास्तीची ती उघडी लांबी, कमीची ती मिटलेली. दोन्ही बाजूंना बेलोज असेल तर प्रत्येकाचं माप वेगळं घ्या. लक्ष सगळ्यांचं उघड्या लांबीवर असतं, पण गोष्ट अडते ती मिटलेल्या लांबीपाशी.

समजा उघडी लांबी 720 मिमी आणि मिटलेली 120 मिमी, म्हणजे स्ट्रोक (टेबल सरकतं ते अंतर) 600. दोन फ्लँजची जाडी मिळून 10 मिमी धरली तर कापडाला ताणायला 710 मिमी उरतात. घडीची खोली 20 मिमी असेल तर तिच्या दोन बाजू काटकोनात उघडल्यावर ती साधारण 28 मिमी होते. पण तिथपर्यंत ताणू नये, 24 धरा. 710 भागिले 24 म्हणजे 30 घड्या. आत पीव्हीसीच्या पट्ट्या असलेली एक घडी मिटून 3 मिमी होत असेल, तर 30 घड्यांचे 90 आणि फ्लँजचे 10 मिळून 100 मिमी. जागा 120 आहे, बसतो. आता जागा वाचवायला घडी 15 मिमीची केली तर एकेक घडी 18 मिमीच उघडायची, घड्या लागतील 40, आणि मिटून लांबी होईल 130. टेबल टोकाला पोहोचण्याआधीच बेलोज दाबला जाणार. मिटलेल्या घडीची नेमकी जाडी बनवणाऱ्याकडून विचारूनच हा हिशोब करा, कारण ती कापडागणिक बदलते.

आतला आकार जाड पुठ्ठ्यावर कापून गाइडवर सरकवून बघा. रेल, ग्रीस निपल, केबल या सगळ्यांपासून चहूबाजूंनी 2-3 मिमी मोकळं हवं.

कापड कामावर ठरतं. पीव्हीसी लेपाचं कापड स्वस्त पडतं, पण सतत तेल लागलं की ते कडक होऊन तडकतं. तेल आणि घासणं दोन्ही असेल तिथे पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा लेप घ्या. वेल्डिंगचे शिंतोडे किंवा लेझरच्या ठिणग्या उडत असतील तर अॅल्युमिनियम लेपाचं कापड लागतं. काचतंतूचं कापड उष्णता सोसतं, मात्र वारंवार घडी पडली की तुटतं. भराभर सरकणाऱ्या अक्षावर ते टाळा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीसारख्या भागात बिडाच्या कास्टिंगचं काम चालतं, तिथली काळी बारीक धूळ शिलाईच्या भोकांतूनही आत जाते. अशा जागी शिवलेल्यापेक्षा उष्णतेने जोडलेला बेलोज बरा. कूलंटचा (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) थेट फवारा बसत असेल तर मात्र कापडावर विसंबू नका, वर स्टीलचं टेलिस्कोपिक (एकात एक सरकणारं) कव्हर हवंच.

बसवताना मेन स्विच बंद करून कुलूप लावा. उभा अक्ष असेल तर हेडखाली आधी भक्कम ठोकळा द्या. गाइड पुसा, वायपरचे (गाइड पुसणाऱ्या सीलचे) ओठ तपासा. फाटक्या वायपरवर नवा बेलोज बसवून काही साधत नाही. फ्लँजवर स्क्रूच्या डोक्याखाली नुसता वॉशर न ठेवता पूर्ण लांबीची स्टीलची पट्टी ठेवा, नाहीतर कापड भोकापासून फाटत जातं. स्क्रू आधी हलके लावा. मग स्विच चालू करून, ठोकळा काढून, हात लांब ठेवून, कमी वेगाने जॉग करत (बटणाने थोडं थोडं सरकवत) पूर्ण स्ट्रोक फिरवा. शेवटच्या 50 मिमीत घडी सपाट होते का, दुसऱ्या टोकाला फुगते का, ते डोळ्यांनी बघा. दोन्ही टोकांना 5-10 मिमी शिल्लक राहिली पाहिजे. सगळं ठीक असेल तर पुन्हा स्विच बंद करून स्क्रू घट्ट करा.

उभ्या बेलोजमध्ये वजनाने वरच्या घड्या पूर्ण उघडतात आणि खालच्या मिटलेल्याच राहतात. आतून ताण-पट्टी शिवून घेतली की ओढ सगळ्या घड्यांत वाटली जाते. बॉलस्क्रूवरच्या (टेबल सरकवणाऱ्या स्क्रूवरच्या) गोल, बंद बेलोजला हवा आत-बाहेर जायला वाट हवी: मिटताना तो फुगतो, उघडताना जोडातून धूळ आत ओढतो. स्वच्छ टोकाला, खालच्या बाजूने, जाळी लावलेलं छिद्र ठेवा.

फाटलेली जागा बघितली की कारण बरंचसं कळतं. सरकत्या फ्लँजजवळची घडी कोपऱ्यात फाटली असेल तर उघडी लांबी कमी पडतेय. वरच्या बाजूला बारीक जळकी भोकं म्हणजे गरम चिप (कापताना उडालेला धातूचा तुकडा). आतून एकच बाजू झिजली असेल तर रेलला घासतोय. ठिगळ लावू नका. ती घडी ताठ होते आणि शेजारची फाटते.

साफ करताना बेलोज पूर्ण उघडून ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. एअर गन मारली की चिप घडीच्या तळाशी जाऊन बसते, कूलंटबरोबर वाळून दगड होते, आणि मग मिटू न शकणारी ती घडी फ्लँजपाशी कापड फाडते.