सुका कचरा नियमाप्रमाणे उचलून घेण्यासाठी काय करावे: गोव्यातील घरे आणि दुकानदारांसाठी

वाड्यावर सुक्या कचऱ्याची गाडी वेळेवर येत नसेल, तर तक्रार करण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: आपण नियमाप्रमाणे वर्गवारी करतो का, आणि गाडी न आलेल्या दिवसांची लेखी नोंद आपल्याकडे आहे का. घरोघरचा कचरा गोळा करण्याची जबाबदारी कायद्याने पंचायत आणि नगरपालिकेवर टाकली आहे. मात्र आपल्या बाजूचे काम पूर्ण झालेले असेल तरच ती ठामपणे मागता येते.

केंद्राचे नवे घनकचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाले आणि त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली. आता कचरा चार भागांत वेगळा करावा लागतो: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. डायपर व पॅड घट्ट गुंडाळून स्वतंत्र ठेवावेत. रंगाचे डबे, बल्ब आणि मुदत संपलेली औषधे विशेष काळजीच्या कचऱ्यात जातात.

गोव्यात खरी कसोटी लागते ती सुक्या कचऱ्याची, कारण जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की पुठ्ठा दोन दिवसांत मऊ पडतो आणि न धुतलेल्या दुधाच्या पिशवीमुळे गोणीतला बाकीचा कागदही बिघडतो. त्यामुळे पिशवी कापून, धुऊन, पडवीत वाळवल्याशिवाय गोणीत टाकू नये, आणि पुठ्ठा जमिनीपासून उंच, शक्यतो माळ्यावर किंवा फळीवर ठेवावा. बाटल्या अखंड असतील तर भंगारवाला नेतो; फुटलेली काच मात्र कागदात गुंडाळून वेगळी द्यावी, कारण शेडमध्ये हाताने वर्गवारी करणाऱ्या बायकांची बोटे कापतात. मला या सगळ्या नियमांतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच वाटते. झावळ्या आणि नारळाची सोडणे जाळू नयेत. ती परसातच साठवावीत, म्हणजे मासळीच्या कचऱ्यावर घालून खत करताना उपयोगी पडतात आणि वासही दबतो.

हॉटेल, गृहनिर्माण संस्था किंवा मोठे दुकान चालवणाऱ्यांनी प्रथम आपण मोठे कचरा उत्पादक ठरतो का ते पाहावे. बांधकामाचे क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर किंवा अधिक, पाण्याचा वापर दररोज ४०,००० लिटर किंवा अधिक, किंवा कचरा दररोज १०० किलो किंवा अधिक, यांतील एक अट जरी लागू झाली तरी ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी प्रक्रिया आवारातच करण्याची जबाबदारी येते. सुका कचरा अधिकृत संकलकालाच द्यावा आणि प्रत्येक खेपेची पावती फाइलमध्ये लावावी, कारण कचरा वाटेत कुठेतरी टाकला गेला तर तो कोणाला दिला होता हे पावतीशिवाय दाखवता येत नाही.

एवढी तयारी झाली की पंचायत सचिवांना लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात नेमके विचारावे: आपल्या प्रभागात गाडी कोणत्या वारी येते, वर्गवारीची शेड कुठे आहे, तिथून सुका माल पुढे कोणत्या संस्थेकडे जातो. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली हेच प्रश्न विचारावेत. त्याला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्याच सुमारास विषय ग्रामसभेत मांडावा आणि तो इतिवृत्तात आला का, हे नंतर जाऊन पाहावे.

शेजारी ओहोळात प्लास्टिक टाकत असेल, तर गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, १९९६ चा अविघटनशील कचरा नियंत्रण कायदा. याच कायद्याखाली राज्याने २०२४ मध्ये ठेव परतावा योजनाही अधिसूचित केली, जिच्यात वस्तू घेताना भरलेली ठेव रिकामे वेष्टन परत दिल्यावर मिळते. म्हणून बाटल्या आणि डबे चेपून न टाकता, लेबलासह वेगळे ठेवण्याची सवय आतापासूनच लावून घ्यावी.

अर्जासोबत महिनाभराची नोंद जोडायला विसरू नये: तारीख, गाडी आली की नाही, आणि त्या दिवशी दारात किती गोण्या बांधून ठेवल्या होत्या.