गुडघ्यावर डायक्लोफेनॅक जेल कसे लावावे?

गुडघा धरला की दुकानातून डायक्लोफेनॅकचे, म्हणजे दुखणे आणि सूज कमी करणाऱ्या औषधाचे, जेल आणतात, वाटाण्याएवढे बोटावर घेऊन खसाखसा चोळतात आणि चार दिवसांनी ‘काही उपयोग नाही’ म्हणून ट्यूब कपाटात टाकून देतात. बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो, लावण्याच्या पद्धतीचा असतो.

त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. पण औषधाला अडवतो तो हाच. साधारण 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचे वजन मोजायचे एकक) मोठा रेणू त्यातून सहसा जात नाही. डायक्लोफेनॅकचा रेणू 300च्या आसपास, म्हणून तो जातो. जेलमधले अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल त्याला वाट करून देतात. पण हे झिरपणे आहे. जोराने चोळून ते लवकर होत नाही.

1. ट्यूबवरची टक्केवारी वाचा. आपल्याकडे बहुधा 1.16 टक्के डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन असते, ते 1 टक्का डायक्लोफेनॅक सोडियमच्या बरोबरीचे. 2.32 टक्क्यांचे असेल तर दिवसातून दोनदाच. काही जेलमध्ये मेंथॉलही असते; त्याचा गारवा लगेच जाणवतो, पण त्याने सूज उतरत नाही.

2. गुडघा धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, दुसरे मलम काही नको. जखम किंवा पुरळ असेल तिथे लावूच नका.

3. प्रमाण. खरी गोम इथेच आहे. 1 टक्क्याच्या जेलसाठी अमेरिकेतल्या माहितीपत्रकात गुडघ्याला एका वेळी 4 ग्रॅम, दिवसातून 4 वेळा असे सांगितले आहे. हाताच्या सांध्याला 2 ग्रॅम. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेलची रेघ ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो. म्हणजे एका गुडघ्याला अशा आठ रेघा! या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. खर्च आहेच, म्हणून तुमच्यासाठी किती प्रमाण हवे ते डॉक्टरांना आधीच विचारा. सगळे सांधे मिळून दिवसाला 32 ग्रॅमच्या वर जाऊ नका.

4. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पसरा. कपडा घालण्याआधी 10 मिनिटे थांबा, तासभर तो भाग धुऊ नका. लावलेल्या जागेवर गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट पट्टी नको. हात साबणाने धुवा. डोळ्याला लागू देऊ नका.

5. सात दिवस नेमाने लावा. तोवर उतार पडला नाही किंवा दुखणे तीन आठवड्यांच्या पुढे गेले, तर डॉक्टरांना दाखवा.

गोळीच्या तुलनेत एका गुडघ्यावरच्या जेलमधून रक्तात फार कमी औषध पोहोचते, सुमारे 6 टक्के. म्हणून पोटाला त्रास कमी होतो. तरीही ॲस्पिरिनने दमा उठणाऱ्यांनी आणि पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईने हे स्वतःहून वापरू नये. अल्सर, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी विचारा. जोडीला दुसरी वेदनाशामक गोळीही मनाने घेऊ नका.

आणि उरलेले जेल बैलाच्या खांद्याला कधीच लावू नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणून 2006 साली भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली. बैल दुखावला असेल तर पशुवैद्यांकडून मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक घ्या, ते गिधाडांना बाधत नाही.