सांगाड्याची ओळख जुन्या एक्स-रेवरून कशी पटवतात

बॉडी जळालेली असेल किंवा नुसती हाडंच उरली असतील तर चेहरा नाही, बोटांचे ठसे नाहीत, आणि डीएनएला वेळ लागतो, कधी तो मिळतच नाही. अशा वेळी तो माणूस जिवंत असताना काढलेला एखादा एक्स-रे खूप कामाला येतो.

पहिलं काम म्हणजे बॉडी ठेवलेली बॅग उघडायच्या आधीच सीटी किंवा एक्स-रे करून घ्या. जळालेली हाडं हात लावला की तुटतात, आणि आत दागिने, गोळी, हाडात बसवलेली प्लेट, जनावरांची हाडं काय काय आहे ते आधीच दिसतं. इम्प्लांट दिसला तर तो काढून त्यावरचा नंबर हॉस्पिटलच्या रेकॉर्डशी ताडून बघा.

मग कमरेच्या हाडांवरून बाई की पुरुष, आणि कॉलरबोनचं (गळ्याखालचं आडवं हाड) छातीकडचं टोक बाकीच्या हाडाशी पूर्ण जुळून एक झालंय का त्यावरून वयाचा अंदाज (ते विशीच्या शेवटी शेवटी जुळतं). याने फक्त हा कोण असू शकेल त्यांची यादी लहान होते, ओळख पटत नाही, हे पोलिसांनाही स्पष्ट सांगा.

घरच्यांना "एक्स-रे आहे का" एवढंच विचारू नका, ते नाहीच म्हणतात. दाताचं रूट कॅनल केलं होतं का, गाडीवरून पडले होते का, सायनसचा त्रास होता का असं विचारा, मग कपाटावरचं मोठं पाकीट निघतं.

आता खरी मेहनत. जुनी फिल्म ज्या अँगलने काढलीय त्याच अँगलने नवीन काढायची. कपाळातल्या सायनसची (हाडातली हवेची पोकळी) नक्षीदार कड प्रत्येकाची वेगळी असते, पण सायनसच्या एक्स-रेत हनुवटी वर केलेली असते, म्हणून कवटीही तशीच तिरकी ठेवायला लागते, नाहीतर त्याच माणसाची कड वेगळी दिसेल आणि तुम्ही चुकून नाही म्हणाल. सीटी असेल तर कॉम्प्युटरवर फिरवून अँगल जुळवता येतो. लहानपणीची फिल्म यात चालत नाही, सायनस साधारण विशीपर्यंत वाढत असतो, आणि काहींना तो नसतोच.

फरक दिसला तर तो कसा पडला असेल ते बघा. जुन्या फिल्ममध्ये असलेली दाढ आता नाही, ठीक आहे, मध्ये काढली असेल. पण तेव्हा काढलेली कायमची दाढ आता जागेवर दिसतेय तर हा तो माणूस नाही, मग बाकी कितीही जुळू दे.

कोरियन युद्धातल्या अमेरिकन सैनिकांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या पंचबोल कबरस्तानात निनावी पुरलेल्या बऱ्याच सांगाड्यांवर पुरण्याआधी केमिकल लावलं होतं, त्यामुळे डीएनए काढणं अवघड झालं. पण टीबी तपासायला सैनिकांच्या छातीचे एक्स-रे काढले होते आणि ते जपून ठेवले होते, त्यात कॉलरबोन दिसते, मग सांगाड्यातली कॉलरबोन छातीत असते तशी धरून एक्स-रे काढायचा आणि कडा, वळण, जाडी ताडून बघायची. असे कित्येक जण अनेक दशकांनी नावासकट घरी गेले.

तपासणाऱ्याला फक्त संशयित माणसाची फिल्म देऊ नका, आणखी चार-पाच जणांच्या मिसळून द्या, नाव झाकून, म्हणजे मनात आधीच ठरलेलं उत्तर डोळ्यांना दिसत नाही. आणि रिपोर्टमध्ये जुळतं, जुळत नाही किंवा सांगता येत नाही यातलं जे खरं असेल तेच लिहा, घरचे बाहेर थांबलेत म्हणून ओढूनताणून जुळवू नका.