प्रॉव्हिडन्सचं जुनं चर्च बघायचं तर

लेकीकडे अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला चाललात? मॉल नंतर. आधी नॉर्थ मेन स्ट्रीटवरचं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च. लगेच आत घुसू नका. समोरच्या फुटपाथवरून १८५ फुटी मनोरा बघा, १७७५ चा. बोस्टनचं बंदर इंग्रजांनी बंद केल्यामुळे बेकार झालेले सुतार या कामावर होते. तेव्हा आपल्या पुण्यात बारभाईंचा कारभार!

आत मान वर करा: १७९२ चं काचेचं झुंबर. पुण्यातल्या पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेली मी, तरी तिथे पाच मिनिटं गप्प झाले. (यांना नवल वाटलं.)

रॉजर विल्यम्सचं मात्र वाचून जा. १६३८ मध्ये त्यानेच या चर्चची मंडळी, म्हणजे भाविकांचा समूह, स्थापली आणि काही महिन्यांत स्वतःच बाहेर पडला.