बोली लावण्याआधी : अमेरिकेत मुलांसाठी जुना क्लॅरिनेट घेताना करायची तयारी

पाचवी-सहावीत गेलेलं मूल शाळेच्या बँडमध्ये नाव घालून येतं, आणि आपल्यासारख्या घरांत क्लॅरिनेटची पहिली चौकशी सुरू होते. आपण तो ऐकलेला असतो लग्नाच्या बँडमध्ये. हातात कधी घेतलेला नसतो. वाद्य भाड्याने घ्यावं तर दरमहाचा आकडा दोन-तीन वर्षांत बराच फुगतो, नवं घ्यावं तर महाग, म्हणून नजर ईबे किंवा शॉपगुडविल (गुडविल या दानसंस्थेचं लिलावाचं संकेतस्थळ) यांवरच्या लिलावांकडे वळते. तिथे चांगला क्लॅरिनेट स्वस्तात मिळतो, हे अगदी खरं. मात्र लिलावात मारलेली बोली ही वाद्याची अर्धीच किंमत असते, उरलेली अर्धी दुरुस्तीच्या टेबलावर द्यावी लागते. म्हणून तयारीची सुरुवात वाद्य शोधण्यापासून करू नका, दुरुस्त करणारा शोधण्यापासून करा.

गावात किंवा तासाभराच्या अंतरावर वुडविंड, म्हणजे क्लॅरिनेट-सॅक्सोफोनसारखी फुंकून वाजवायची वाद्यं, दुरुस्त करणारा कारागीर कोण आहे, ते शाळेच्या बँडशिक्षकांना विचारा. त्यांना हमखास माहीत असतं. त्या कारागिराला फोन करून तीन दर विचारून ठेवा: नुसती जुळवणी करायचे किती, सगळे पॅड बदलायचे किती, आणि कॉर्क (भाग एकमेकांत बसतात त्या जोडांवरचं मऊ वेष्टन) बदलायचे किती. पॅड म्हणजे चावीच्या टोकाखालची ती छोटी गादी, जी भोक घट्ट बंद करते. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या वाद्याचे पॅड वाळतात, फाटतात, कधी किड्यांनी खाल्लेले असतात. सगळे बदलायचे तर विद्यार्थी दर्जाच्या वाद्यालाही बऱ्याच ठिकाणी दोनशे डॉलरच्या पुढे खर्च येतो. बँडशिक्षकांशी बोलताना आणखी एक विचारा: त्यांना कोणती मॉडेल चालतात आणि कोणती नकोत. निळे, लाल, गुलाबी, कुणाचं नाव नसलेले अगदी स्वस्त नवे क्लॅरिनेट बहुतेक शिक्षक नकोच म्हणतात. अशा वाद्यांच्या चाव्या मऊ धातूच्या असतात, वाकतात, आणि काही कारागीर ती हातातही घेत नाहीत.

मग नावांची छोटी यादी करा. शिकणाऱ्या मुलासाठी प्लॅस्टिकचाच घ्या, लाकडाचा मोह धरू नका. लाकूड थंडी-उन्हात तडकतं, आणि शाळेचा बँड मैदानातही वाजतो. यामाहाचे वायसीएल-२०, २५०, २५५, बुफे क्रॅम्पाँचा बी-१२, सेल्मर कंपनीचा बंडी, आणि विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या लेब्लांक कंपनीचा व्हिटो, एवढी नावं पुरेत. माझं मत विचाराल तर आधी यामाहा. सूर सरळ लागतो आणि सुटे भाग मिळतात. बंडी दणकट आहेत, पण जुने असल्याने जवळजवळ प्रत्येकाला पॅड लागतात. स्वस्त दिसतात ते त्यामुळेच. मूल दोन-तीन वर्षं टिकलं, गोडी लागली, तर पुढे फ्रान्समध्ये बनलेल्या नोब्ले किंवा नॉर्मंडीसारख्या लाकडी वाद्याचा विचार करता येईल. बुफेचा आर-१३, म्हणजे १९५५ साली आलेला आणि आजही अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांत सर्वांत जास्त दिसणारा क्लॅरिनेट, लिलावात दिसतो खरा, पण पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नये. त्यात बनावट मालही फिरतो आणि तडा गेलेलाही.

लिलावात क्लॅरिनेट या एकाच नावाखाली वेगवेगळी वाद्यं विकायला येतात. हे ओळखता आलं नाही तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. आपल्याला हवा तो बी-फ्लॅट सुराचा, बोम पद्धतीचा (चाव्यांची ही आजची रूढ मांडणी), सतरा चाव्यांचा. सर्वांत सोपी खूण खालच्या भागावर असते: उजव्या करंगळीसाठी चार चाव्यांचा झुबका दिसला तर बोम. तिथे दोनच चाव्या असतील, बऱ्याचदा छोट्या रूळांसह, तर तो आल्बर्ट किंवा साध्या पद्धतीचा जुना क्लॅरिनेट. भारतातल्या बँडपथकांत ही जुनी पद्धत आजही दिसते, पण अमेरिकेतल्या शाळेत ती शिकवत नाहीत. मुलाची बोटं पुस्तकातल्या तक्त्याशी जुळणार नाहीत.

दुसरी खूण लांबीची. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत चढ्या सुराचे क्लॅरिनेटही बनत. ते आजच्या ए ४४० च्या (ए हा सूर ४४० हर्ट्झला लावलेल्या) पट्टीपेक्षा जवळजवळ अर्ध्या सुराने वर बोलतात आणि इतर कुणाबरोबर वाजवताच येत नाहीत. त्यांवर कधी एचपी (हाय पिच) असा शिक्का असतो, कधी काहीच नसतं. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) काढून बॅरलच्या (त्याखालच्या आखूड तुकड्याच्या) वरच्या कडेपासून बेलच्या (टोकाच्या रुंद तोंडाच्या) खालच्या कडेपर्यंत मोजायला विकणाऱ्याला सांगा. बी-फ्लॅटचा आजच्या सुराचा क्लॅरिनेट साधारण ५९ सेंटिमीटर भरतो. दीड-दोन सेंटिमीटरने आखूड असेल तर चढा सूर, आणि फारच आखूड असेल तर सी किंवा ई-फ्लॅटचा. तीन-चार सेंटिमीटर जास्त असेल तर ए सुराचा, तोही शाळेला नको. चांदीसारखा चमकणारा धातूचा क्लॅरिनेट फोटोत फार सुंदर दिसतो. १९२०-३० च्या काळात अमेरिकी शाळांच्या बँडमध्ये असे पुष्कळ होते, आणि आज त्यांतल्या बऱ्याच जणांचे टेबललॅम्प झाले आहेत. अपवाद आहेत, पण तो संग्राहकांचा प्रांत.

आता फोटो. यात वेळ घालवा, कारण जाहिरातीच्या मजकुरापेक्षा फोटो जास्त खरं सांगतात. बंद केसचा एक आणि उघड्या केसचा एक, एवढेच फोटो असतील तर विकणाऱ्याला नम्रपणे लिहून आणखी मागा. पाचही भाग वेगळे करून, उजेडात, दोन्ही बाजूंनी. जोडांच्या टोकांचे जवळून, म्हणजे कॉर्क आणि त्याच्या कडेचं लाकूड किंवा प्लॅस्टिक दिसेल असे. मधला जोड तुटून चिकटवलेला असेल तर ते इथेच दिसतं, आणि तसं वाद्य सोडूनच द्यावं. लाकडी वाद्य असेल तर वरच्या भागाचे फोटो डोळ्यांत तेल घालून पाहा. तडा बहुधा तिथेच, वरच्या टोकाकडून सुरू होतो आणि बाजूच्या ट्रिल चाव्यांच्या (दोन सूर झरझर आलटून-पालटून वाजवण्याच्या चाव्या) भोकांमधून जातो. लाकडाच्या रेषा बारीक, समांतर आणि सगळीकडे असतात. तडा एकटा असतो आणि भोकाला जाऊन मिळतो. चाव्यांमध्ये हिरवट थर, वाकलेल्या दांड्या, निसटलेल्या स्प्रिंगा, गायब स्क्रू, सगळं नोंदवून ठेवा आणि तेच फोटो आपल्या कारागिराला पाठवा. चांगला कारागीर फोटोवरून खर्चाचा अंदाज देतो. वरच्या दर्जाच्या लाकडी वाद्यात दोन्ही मुख्य भागांवरचा क्रमांक एकच आहे ना, हेही तपासा. दोन वेगळ्या क्लॅरिनेटचे भाग एकत्र करून विकलेले मी पाहिले आहेत.

मजकुरातले काही शब्द वाचायला शिका. ‘अनटेस्टेड’ याचा अर्थ वाजत नाही असाच धरा. ‘आजोबांचा होता, मला वाद्यातलं काही कळत नाही’ हे बहुधा खरंच असतं, आणि अशा ठिकाणी कधीकधी उत्तम माल मिळतो, पण पॅडचा खर्च पूर्ण धरून. ‘छान वाजतो’ असं लिहिलं असेल तर विचारा: कुणी वाजवून पाहिला, सगळे सूर लागले का, खालचा ई निघतो का? क्लॅरिनेट वाजवणारा माणूस सरळ उत्तर देतो. ‘नुकताच पॅड बदललेला’ असेल तर कुणी बदलले ते विचारा. ईबेवर ‘सुट्या भागांसाठी’ या सदरात टाकलेल्या वाद्याला, वाजत नाही म्हणून परत करण्याचा हक्क राहत नाही, हे बोलीआधी लक्षात असू द्या. गुडविलच्या लिलावात विकणारे दानात आलेला माल फोटो काढून टाकतात, त्यांच्याकडून वाद्याविषयी फारशी उत्तरं मिळणार नाहीत, तेव्हा तिथली बोली आणखी खाली ठेवा.

हिशोब कागदावर करा. समजा, तुम्हाला हवं तेच मॉडेल दुरुस्त करून, हमीसकट, दुकानात ४०० डॉलरला मिळतंय. त्यातून पॅडचे २००, माउथपीसचे ४०, टपाल आणि कराचे ३० वजा करा. उरले १३०. ही तुमची वरची हद्द, आणि अनिश्चितपणापोटी मी त्यातूनही वीस-तीस काढून टाकीन. दुकानातली किंमत हाताशी नसेल तर ईबेवर ‘सोल्ड’ ही चाळणी लावून पाहा. मागितलेल्या किमती नाही, प्रत्यक्षात दिलेल्या कळतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होताना मागणी वाढते. मे-जूनमध्ये शोधायला लागलात तर घाई नसते, आणि लिलावात घाई असलेला माणूसच जास्त पैसे देतो.

बोलीचं तंत्र थोडक्यात सांगते. ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, यंत्रणा समोरच्यापेक्षा एकच पायरी वर ठेवते. तुमचे १२० आणि दुसऱ्याचे ८० असतील तर वाद्य तुम्हाला ८१ ला पडतं. म्हणून चार दिवस आधी बोली लावून भाव चढवण्यात अर्थ नाही. शेवटच्या अर्ध्या मिनिटात आपली खरी हद्द एकदाच टाका आणि स्क्रीनपासून उठा. आकडा पूर्ण ठेवू नका, १०० ऐवजी १०३ आणि काही सेंट ठेवा, कारण इतर अनेक जण पूर्ण आकड्यावर थांबतात. शोधताना क्लॅरिनेटचं स्पेलिंग चुकवूनही पाहा, तशा जाहिरातींकडे फार लोक पोचत नाहीत.

माउथपीसचा खर्च मी वेगळा धरला, कारण जुन्या वाद्याबरोबर आलेला माउथपीस बहुधा टोकाला टवका उडालेला किंवा मुळातच हलक्या दर्जाचा असतो. यामाहा ४सी, फोब्सचा डेब्यू किंवा व्हँडोरेनचा विद्यार्थ्यांना चालणारा एखादा, बँडशिक्षक सांगतील तो नवाच घ्या. मुलाचा सूर सुधारायला एवढ्या कमी पैशांत दुसरं काही मिळत नाही. रीड, म्हणजे माउथपीसवर बांधायची वेताची पातळ पट्टी, सुरुवातीला दोन किंवा अडीच नंबरची.

लिलाव जिंकलात की त्याच दिवशी विकणाऱ्याला लिहा: भाग केसमध्ये हलणार नाहीत असे फडक्याने किंवा फोमने घट्ट बसवा, केसमध्ये सुटं काही ठेवू नका, आणि केस मोठ्या खोक्यात सगळीकडून गादी लावून पाठवा. वाटेत वाकणाऱ्या चाव्यांचं कारण बहुतेक वेळा ढिलं पॅकिंगच असतं. भारतात कुणासाठी घेत असाल तर विक्रेत्याकडून थेट पाठवण्यापेक्षा सामानातून नेणं सोपं पडतं, तरी कस्टमची चौकशी आधी करा. लाकडी क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवूडचा असतो, आणि हे लाकूड साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, म्हणजे देशाबाहेर नेताना परवाना लागतो. मात्र नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना या परवान्यातून सूट मिळाली आहे.

पार्सल हिवाळ्यात आलं तर खोकं न उघडता एक दिवस घरात राहू द्या. मग उघडा, फोटो काढत उघडा. जाहिरातीतल्या फोटोंशी एकेक भाग ताडून पाहा. वरच्या भागाची सगळी भोकं बोटांनी बंद करा, खालचं टोक तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. ओठ सोडल्यावर क्षणभर पोकळी टिकली तर पॅड बऱ्या स्थितीत आहेत. खालच्या भागाचंही तसंच. टिकली नाही तरी घाबरू नका, तेवढा खर्च आपण धरलेला आहे. पण लपवलेला तडा, चिकटवलेला जोड किंवा वेगळंच मॉडेल निघालं तर त्याच दिवशी विकणाऱ्याला फोटोसह कळवा. ईबेची परतफेडीची हमी वाद्य पोचल्यापासून तीस दिवसांची असते, आणि कारागिराची वेळ त्याच तीस दिवसांत मिळायला हवी; ती बोली लावण्याआधीच मागून ठेवा. तो वाद्य तपासून बरं म्हणेपर्यंत खोकं आणि फोम फेकू नका.