लघुरेल्वेच्या लेआउटवर बंदराचा धक्का आणि पाणी कसं करावं

बंदराचं दृश्य करायचं ठरलं की बहुतेक जण आधी रेझिनची (हार्डनर मिसळून ओतायच्या, कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाची) बाटली आणतात. ती घाई नको. धक्क्यालगतचं पाणी गाळ आणि शेवाळामुळे बहुधा गढूळ असतं, हातभर खालचंही त्यात दिसत नाही. त्यामुळे मॉडेलमध्ये खोली ओतायची नसते, ती रंगाने दाखवायची आणि वर चकचकीत पृष्ठभाग द्यायचा. जास्त मेहनत भिंतीवर घ्या. बघणाऱ्याची नजर भिंत पाण्यात शिरते त्याच रेषेवर जाते.

इथली मापं एचओ स्केलची, म्हणजे १:८७ची आहेत. १:१६० या एन स्केलसाठी ती ०.५५ ने गुणा.

तळ

६ मिमी एमडीएफ किंवा प्लायवूड घ्या आणि दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्या; एकाच बाजूला दिला तर फळी वाकते. पाणसळ लावून ती दोन्ही दिशांनी तपासा. स्क्रूचे खड्डे पुट्टीने भरून २४० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. चकाकी आली की साधा ओरखडाही उठून दिसतो.

भिंत

५ मिमी फोमबोर्डची ५० मिमी उंच पट्टी कापा. प्रत्यक्षात ही उंची साधारण ४.३५ मीटर होते. पुढच्या बाजूचा कागद सोलून काढा. निघत नसेल तर ओला करून पाच मिनिटं थांबा. मागे ३ मिमी प्लायची पट्टी चिकटवा, म्हणजे भिंत वाकणार नाही.

पेन्सिलने थर आखा: खाली ५ मिमीचे, वर ४ मिमीचे. दगडाची लांबी ८ ते १४ मिमी, एकसारखी नको. सांधमोड पाळा, उभी दरज खालच्या उभ्या दरजेपासून किमान ३ मिमी सरकलेली हवी. दरजा सुरीने कापू नका, रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबा. सुरीची चीर बारीक आणि धारदार येते, ती दरजेसारखी दिसत नाही. मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा दगडांवर दाबा. एखाददुसरा दगड बोटाने किंचित आत ढकला.

माथ्याचे दगड वेगळ्या पट्टीतून करा: रुंदी ११ मिमी, जाडी ४ मिमी, भिंतीपुढे अर्धा मिमी आलेले. पुढची कड थोडी गोल घासा, दोरखंडांनी ती झिजलेली असते. भिंत उभी करताना वरचा भाग सुमारे ४ मिमी मागे कलता ठेवा. शिडीसाठी भिंतीत उभी खाच काढून ०.४ मिमी तारेच्या पायऱ्या ३.५ मिमी अंतराने रोवा, शेवटची पाण्यात बुडेल अशी.

फोमवर स्प्रेचा रंग किंवा सॉल्व्हंटचा गोंद लावू नका, फोम विरघळतो. ॲक्रिलिक प्रायमर ब्रशनेच लावा.

ओहोटीच्या खुणा

आधी दगडांना करड्या-तपकिरी रंगाच्या तीन छटा विखरून द्या. नंतर एक भाग गडद तपकिरी रंग, दहा भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण दरजांत उतरू द्या. ते वाळल्यावर पट्टे करा. तळापासून १२ मिमीपर्यंत जवळजवळ काळा हिरवा, त्यावर २५ मिमीपर्यंत विरत जाणारं शेवाळी, आणि वर कोरडा, उजळ दगड. पट्ट्यांची उंची भिंतभर सारखीच हवी, कारण समुद्राची पातळी सपाट असते. कड मात्र फाटकीतुटकी ठेवा. लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून तो तळावरून सरकवला की रेष बरोबर येते. खालचे ८ मिमी चकचकीत वॉर्निशने ओले दाखवा, वर सगळं मॅट. झडप असलेल्या गोदीत पाणी फारसं चढउतर करत नाही, तिथे ३-४ मिमीचा एकच पट्टा पुरे.

पाणी

काळा, ऑलिव्ह हिरवा आणि थोडा तपकिरी रंग मिसळा. निळा टाळा. पाण्यावरचा निळेपणा आकाशाच्या प्रतिबिंबाचा असतो, ते काम चकाकी करते. भिंतीजवळ सर्वांत गडद ठेवा, आत जाताना थोडं उजळ, आणि रंग ओला असतानाच छटा एकमेकींत मिसळा. दोन हात देऊन एक दिवस वाळू द्या.

होडी किंवा जहाज पाणरेषेवर कापलेलं असेल तर आत्ताच चिकटवा. नंतर ठेवलं तर खाली फट राहते आणि ते तरंगल्यासारखं न दिसता पाण्यावर ठेवल्यासारखं दिसतं.

मग जाड ग्लॉस जेल (चकचकीत वाळणारं ॲक्रिलिक माध्यम) १ मिमी थरात पसरून चपट्या ब्रशने ठोकत जा. आडोशाच्या बंदरात लाट लहान असते; मॉडेलवर दीड मिमीच्या वरची लाट म्हणजे प्रत्यक्षात तेरा सेंमीहून जास्त उसळणारं पाणी होईल. लाटांची दिशा एकच ठेवा, भिंतीच्या आणि जहाजाच्या आडोशाला पाणी शांत. जेल दुधाळ दिसतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. जाड थर आतून बराच काळ पांढुरका राहतो, म्हणून दोन पातळ थर द्या. वर ग्लॉस वॉर्निशचे दोन हात. वाळेपर्यंत खोक्याने झाका, धूळ नंतर निघत नाही.

रेझिन कधी वापरावं

तळ दिसायला हवा अशा उथळ, नितळ जागी. एका वेळी २-३ मिमीच ओता. जाड थर तापतो, त्याने फोम वितळतो. रेझिन-हार्डनरचं प्रमाण बाटलीवर वजनाने दिलं आहे की आकारमानाने, ते आधी पाहा. प्रमाण चुकलं तर पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. सांधे सिलिकॉनने बंद करा, रेझिन केसभर फटीतूनही गळतं.

आणखी एक त्रास: रेझिन भिंतीवर एक-दोन मिमी चढतं आणि दरजांतून त्याहून वर जातं. आधी भिंत वॉर्निशने सील केली की हे बरंच कमी होतं. तरी उरलेली चकचकीत कड रेझिन कडक झाल्यावर मॅट वॉर्निशने मारा आणि कडेकडेने थोडं जेल ठोका.

धक्क्यावरचे रूळ

फरसबंदी रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली ठेवा, नाहीतर रूळ घासून साफ करता येत नाहीत. चाकांच्या कडेसाठी आतल्या बाजूला दीड मिमी खाच सोडा आणि सगळं चिकटवण्याआधी एक डबा हाताने ढकलून पाहा.