फोर्ट लॉडरडेल ते बिमिनी : छोट्या विमानाने पहिल्यांदा समुद्र ओलांडताना

फ्लोरिडात खासगी पायलटचं लायसन्स हातात आलं की ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "आम्ही चार-पाच विमानं मिळून बहामाजला निघतोय, येणार का?" जरूर जा. उथळ पाण्याचा तो हिरवा-निळा रंग वरून पाहण्यासारखा दुसरा आनंद मला तरी माहीत नाही. फक्त हो म्हणण्याआधी एक गणित स्वतः करा.

बहामाजमधलं साउथ बिमिनी बेट फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या फोर्ट लॉडरडेलहून साधारण ५० सागरी मैल. इंजिन बंद पडलं तर सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान दर हजार फुटांमागे जेमतेम दीड मैल तरंगत जातं, म्हणजे ९,५०० फुटांवरून सुमारे १४. दोन्ही बाजूंचे १४ वजा केले तरी मधला वीसेक मैलांचा पट्टा असा उरतो, जिथून जमीन गाठता येत नाही. म्हणून शक्य तेवढी उंची किनारा सोडण्याआधीच घ्या. लाइफ जॅकेट अंगावरच हवं; मागच्या सीटवर ठेवलेलं ऐन वेळी हाती लागत नाही. फुगवायचा तराफा भाड्याने मिळतो, तो दाराजवळ ठेवा.

कागदपत्रांत पासपोर्ट, पायलटचं मेडिकल सर्टिफिकेट, विमानाचं रजिस्ट्रेशन आणि अमेरिकी कस्टम्सचा स्टिकर आलाच. प्रवाशांची माहिती ईॲपिसवर, म्हणजे अमेरिकी कस्टम्सच्या ऑनलाइन यंत्रणेवर, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, उड्डाणाच्या किमान तासभर आधी भरावी लागते. परतीची माहितीही मी घरूनच भरते, कारण छोट्या बेटांवर इंटरनेटचा भरवसा नाही. रात्री बहामाजमध्ये व्हीएफआर, म्हणजे बाहेर नजरेने पाहून केलेल्या, उड्डाणाला परवानगी नाही आणि उन्हाळ्यात दुपारी ढग गडगडायला लागतात, तेव्हा सकाळीच निघा.

धुरकट हवेला सगळ्यात जास्त जपा. पाणी आणि आकाश एक होतं, क्षितिज दिसेनासं होतं. जुलै १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनियर स्वतः विमान उडवत असताना अशाच धुरकट हवेत, रात्री, समुद्रावर दिशाभान हरपून कोसळले. उपकरणांवर उडवण्याचा सराव ताजा नसेल तर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर बसा.

विमानं सोबत निघाली तरी प्रत्येकाचा फ्लाइट प्लॅन वेगळा, इंधनाचा हिशेब वेगळा आणि निर्णयही ज्याचा त्याचा. रेडिओवर १२२.७५ या फ्रीक्वेन्सीवर आपापसांत गप्पा होतात, धीर येतो. पण "बाकीचे निघाले" हे उड्डाणाचं कारण होऊ शकत नाही. आमच्यातला एकजण एकदा हवा पटली नाही म्हणून मागे थांबला आणि दुसऱ्या दिवशी आला. कुणी चकार शब्द काढला नाही. म्हणूनच मी याच मंडळींबरोबर उडते. तुम्हालाही बोलावणं आलं तर आधी विचारा : मागच्या खेपेला कोण थांबलं होतं आणि त्याला तुम्ही काय म्हणालात?